एमजी टीसी ईएक्सयू, १९४९: बंपर लावू की नको?

पाना_पकड (९ सप्टेंबर, रात्री ११:१२)

मंडळी, इतके दिवस इथे नुसता वाचत होतो. ‘गाडी घेतलीस ना, मग लिही की’ असे दोन-तीन व्यक्तिगत निरोप आले, म्हणून हा धागा काढतोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी आहेत, वय ब्याऐंशी. यजमान गेल्यावर त्यांनी मागची लाकडी शेड रिकामी करायला काढली आणि गवत कापायचं यंत्र मला देऊ केलं. ते ओढून बाहेर काढताना मागच्या ताडपत्रीखाली चार चाकं दिसली. तारांची, एकोणीस इंची, उंच आणि सडपातळ. आजी म्हणाल्या, "ते न्यायचं असेल तर मात्र पैसे पडतील."

ताडपत्री काढली तर एमजी टीसी. लाल रंगाचे पोपडे, छपराच्या कापडाच्या चिंध्या, सीटमध्ये उंदरांची तिसरी-चौथी पिढी. महिनाभर घासाघीस झाली (माझी बायकोशी, आजींशी नाही) आणि गाडी आमच्या गॅरेजात आली.

ज्यांना टीसी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनला एमजीचा कारखाना होता. महायुद्ध संपल्या संपल्या, १९४५ च्या शरदात, त्यांनी युद्धापूर्वीच्याच टीबी गाडीत किरकोळ फेरफार केले आणि टीसी म्हणून विकायला काढली. १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, ५४ घोड्यांची ताकद. दोन माणसं बसतात, दारं मागच्या बाजूला बिजागरं असलेली, समोरची काच आडवी पाडता येते. पत्र्याच्या आत सांगाडा लाकडाचा. १९४९ पर्यंत जेमतेम दहा हजार झाल्या, त्यांतल्या सुमारे दोन हजार अमेरिकेत आल्या. स्टिअरिंग मात्र सगळ्यांचं उजवीकडेच. डावं त्यांनी टीसीला कधी दिलंच नाही.

एक गंमत. ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर होता २५१, म्हणून तिथे प्रत्येक मॉडेलचे चासी (गाडीची खालची लोखंडी चौकट) नंबर ०२५१ पासून सुरू होत. पहिली गाडी घेणाऱ्यालाही वाटावं की आपल्या आधी अडीचशे जण येऊन गेले.

आता मुद्द्याचं. बॉनेटखाली पितळेची पाटी आहे. तिच्यावरची काजळी टूथब्रशने काढली तेव्हा नंबरापुढे तीन अक्षरं उमटली: ईएक्सयू. त्या रात्री मी जेवलोच नाही. १९४८ च्या अखेरीपासून खास अमेरिकेसाठी म्हणून ज्या टीसी केल्या, त्यांना हा शिक्का. एकूण ४९४. इतर टीसींना बंपर नसतात, यांना पुढे-मागे आहेत. हेडलाइट लहान, सात इंची. वळायचे उघडझाप करणारे दिवे आहेत, मागे दोन्ही बाजूंना लाल दिवे, आणि भोंगे बॉनेटखाली लपवलेले.

माझ्या गाडीला यातलं काहीच नाही! मधल्या कुठल्या तरी मालकाने बंपर काढून टाकलेत, मोठे ‘इंग्लिश’ हेडलाइट बसवलेत, वळायच्या दिव्यांच्या वायरी कापून चिकटपट्टी मारली आहे. म्हणजे कारखान्याने अमेरिकेसाठी केलेली गाडी अमेरिकेतल्या माणसाने ‘अस्सल’ दिसावी म्हणून इंग्लिश करून टाकली.

इथल्या क्लबातले दोघे-तिघे येऊन बघून गेले. सगळ्यांचं एकच म्हणणं, "बंपरच्या फंदात पडू नकोस, टीसीचं नाक उघडंच शोभतं." शोभतं हे मलाही मान्य आहे. तरी प्रश्न उरतोच: ही गाडी मूळ रूपात आणायची म्हणजे नेमक्या कुठल्या?

---

उगाच_शंका (९ सप्टेंबर, रात्री ११:४०)

फोटो कुठायत?

---

कोथरूडची_बुलेट (१० सप्टेंबर, सकाळी ७:०५)

आमच्या सोसायटीत तीन एमजी आहेत, पण छप्पर म्हणून उघडतं ते सनरूफ. तुमची वेगळी दिसतेय.

विनोद बाजूला ठेवतो. आपल्याकडे रिस्टोअर केली म्हणजे काय, तर चकचकीत लाल रंग मारला, जिथे तिथे क्रोम चढवलं आणि सीटला पांढरं रेक्झिन लावलं. लग्नात नवरदेव बसवायला बरी पडते. तुम्ही पाटीवरची अक्षरं वाचून मग ठरवताय हेच मुळात विशेष. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

नटबोल्ट_बर्मिंगहॅम (१० सप्टेंबर, दुपारी १:२२)

अभिनंदन आणि जरा जळजळ!

ईएक्सयू का झाली याचा थोडा इतिहास सांगतो. युद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं, डॉलरची चणचण होती. पोलादाचं वाटप सरकारच्या हातात, आणि जो कारखाना माल परदेशी पाठवेल त्याला पोलाद. ‘निर्यात करा नाहीतर मरा’ अशी घोषणाच होती तेव्हा. इथे १९५० च्या मे महिन्यापर्यंत पेट्रोल रेशनवर होतं, त्यामुळे हौसेची गाडी इथे चालवणार कोण आणि कशावर? सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून थेट २.८० वर आणला, तोही निर्यातीसाठीच.

अमेरिकेत टीसी आवडली, पण पार्किंग करताना पुढची गाडी सहज ढुशी देते, तिथे नुसतं नाजूक रेडिएटर घेऊन कसं जायचं? म्हणून बंपर. तुमचा बंपर म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशाच्या सवयींपुढे टाकलेली मान आहे. तो परत लावला नाहीत तर ४९४ मधली एक कमी आणि साध्या टीसींमध्ये एकाची भर, बाकी काही नाही.

पुढच्या टीडी मॉडेलमध्ये डावं स्टिअरिंगही आलं. त्या सुमारे तीस हजार झाल्या आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेतच गेल्या. ईएक्सयू ही या दोन्हींच्या मधली पायरी.

---

घाटमाथा (१० सप्टेंबर, रात्री ९:५०)

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण ‘मूळ रूप’ हा शब्द वाचून राहवलं नाही.

आमच्या गावात हेमाडपंती देऊळ आहे. कमिटीने वर्गणी काढून काळ्या दगडाला पिवळा ऑइलपेंट फासला, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स बसवल्या आणि बाहेर ‘जीर्णोद्धार’ अशी संगमरवरी पाटी लावली. ते ऐकून माझ्या डोक्यात कायम तिडीक. पण त्याच देवळापुढे लाकडी सभामंडप आहे, तो पेशवाईतला. देवळाच्या मानाने तो कालचाच. एक अभ्यासक आले होते, म्हणाले मंडप काढून टाका, मूळ वास्तू मोकळी दिसेल. गाव म्हणालं, आमच्या आज्या-पणज्यांनी त्या मंडपात कीर्तनं ऐकली आहेत, तो कसा काढायचा?

तुमच्या गाडीतही ऑइलपेंट कोणता आणि सभामंडप कोणता हे आधी ठरवा.

---

उगाच_शंका (१० सप्टेंबर, रात्री १०:०१)

बंपर हा ऑइलपेंट की मंडप? आणि फोटो?

---

पाना_पकड (१२ सप्टेंबर, रात्री १२:३०)

@घाटमाथा, तुमचा प्रतिसाद ‘अवांतर’ नाही, मी दोन दिवस त्याच्यावरच विचार करतोय. बंपर दोन्हीतला नाही, तो गाभाऱ्यातला आहे. कारखान्यातूनच आला. मोठे हेडलाइट हा ऑइलपेंट. अडचण तिसऱ्याच वस्तूची आहे, ती खाली सांगतो.

आधी रंग. लाल रंग खरवडला तर त्याखाली पांढरा प्राइमर, आणि त्याखाली काहीच नाही, कोणीतरी पत्र्यापर्यंत घासलंय. हात टेकले होते. मग पेट्रोलची टाकी उतरवली (मागे दोन पट्ट्यांनी बांधलेली उभी चौकोनी टाकी असते). पट्ट्यांखाली, जिथे घासायला हात पोचला नाही, तिथे बोटभर रुंदीची हिरवी रेघ मिळाली. शायर्स ग्रीन, म्हणजे गर्द हिरवा. रेडिएटरच्या उभ्या पट्ट्या या गाड्यांत आतल्या गादीच्या रंगाच्या असत. एका पट्टीच्या मागच्या अंगाला तोच हिरवा निघाला. शेवटी दाराच्या आत खिळ्याखाली अडकलेला कातड्याचा नखाएवढा तुकडा: हिरवा. तीन साक्षीदार जुळले. गाडी हिरवी होणार.

आता तिसरी वस्तू. टीसीचं मूळ स्टिअरिंग बिशप कॅम जातीचं. नवं असतानाच जरा सैल, झिजल्यावर तर गाडी रस्त्यावर ओवी म्हटल्यासारखी डुलत जाते. त्यामुळे अमेरिकेत अनेकांनी त्या जागी फोक्सवॅगन बीटलचा स्टिअरिंग बॉक्स बसवला. माझ्याही गाडीत तोच आहे. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "तो त्याने स्वतः बसवला. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही दोनदा शेतात गेलो होतो. रस्त्याने जाता जाता."

म्हणजे हा सभामंडप झाला ना?

(आजींनी आणखी एक सांगितलं. टीसीत ड्रायव्हरसमोर इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ असतं आणि वेगाचं घड्याळ शेजारच्या सीटसमोर. चालवणाऱ्याला आपला वेग नीट दिसतच नाही! मी विचारलं, मग कसं करायचात? त्या नुसत्या हसल्या.)

---

सुतारपक्षी (१२ सप्टेंबर, सकाळी ८:१५)

लाकडाबद्दल कोणीच काही बोलेना, म्हणून मी बोलतो. सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा असणार. तळातल्या दोन लांब पट्ट्या बोटाने दाबून बघा. वरून रंग धड दिसतो आणि आत भुसा असतो.

आणि हात जोडून सांगतो, जुनं लाकूड फेकू नका. कुजलेला का होईना, तोच तुमचा नकाशा आहे. एका वेळी एकच तुकडा काढा, नवा बसवा, मग दुसरा. सगळं एकदम सोडवलंत तर घराचे चारही खांब काढून छप्पर हवेत राहील अशी आशा करताय.

---

पाना_पकड (२१ ऑक्टोबर, रात्री ११:५५)

@सुतारपक्षी, तुमचा प्रतिसाद मी वाचला तेव्हा दोन्ही बाजू सोडवून झाल्या होत्या. हसू नका.

डाव्या-उजव्या तळपट्ट्या खरंच भुसा झाल्या होत्या. मी उत्साहात दोन्हीकडचा पत्रा उकलला, पट्ट्या काढल्या, नव्या कापल्या, बसवल्या. दार लावलं तर वर बोटभर फट आणि खाली कडा रुतलेली. दुसऱ्या बाजूला याच्या उलट. अख्खं अंग चासीवर पिळवटलं होतं, ओल्या पिशवीसारखं. आधी आडव्या-तिडव्या पट्ट्या मारून आकार धरून ठेवायला हवा होता, तो मी धरला नाही. तीन आठवडे पाण्यात.

सुदैवाने याच सुमारास सासरे आले, सहा महिन्यांसाठी. सांगलीकडचे, आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. दोन दिवस जेटलॅग, तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात हजर. कानटोपी, वर माझं जाड जाकीट. सांगाड्याभोवती एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. मग, "जावईबापू, गुण्या आहे का?"

मी म्हटलं, "अण्णा, लेझरचं माप आहे."

"लेझर राहू दे. गुण्या द्या."

गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, शेजाऱ्याकडून आणला. त्यांनी एका दाराच्या चौकटीला तो लावला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "हे वर्गात कोणी केलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता."

मग आम्ही दोघांनी मिळून सगळं परत उकललं. अंग आणि चासी यांच्या मधे पातळ चकत्या घालून आधी दाराची फट जुळवली, आकार दोरी-फळ्यांनी बांधला, आणि मग एकेक तुकडा. जुन्या कुजक्या पट्टीचे तुकडे त्यांनी पुठ्ठ्यावर मांडून, पेन्सिलीने रेघ मारून आकार उतरवला. जिथे लाकूड उरलंच नव्हतं तिथे खिळ्यांच्या भोकांवरून अंदाज.

लाकूड इथलंच ॲश. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चमकता किडा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून इथली ॲशची झाडं कोट्यवधींनी मेली. आमच्या गावातही रस्त्याच्या कडेची झाडं पाडताहेत. त्याच झाडांच्या फळ्या एका करवतवाल्याकडे मिळाल्या, भट्टीत वाळवलेल्या. अण्णांनी एक पातळ पट्टी गुडघ्यावर वाकवून सोडली, ती टणकन सरळ झाली. "चिवट आहे हो. आपल्याकडे गाडीच्या चाकाला बाभूळ घेतात ना, त्या जातीचं." बैलगाडी आणि टीसी यांच्यातलं हे नातं मला सुचलं नव्हतं.

---

ठाण्याची_मावशी (२२ ऑक्टोबर, सकाळी १०:३०)

गाडीचं मला काही कळलं नाही, पण अण्णांना नमस्कार सांगा. आणि थंडीत गॅरेजात हीटर लावा, वय झालेलं माणूस आहे.

---

पाना_पकड (२२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०)

मावशी, हीटर आहे. ते बंद करतात, "लाकूड तडकेल" म्हणून.

---

कोथरूडची_बुलेट (३ नोव्हेंबर, दुपारी ४:४४)

इंजिन उघडलं का? एक्सपीएजीच्या नटबोल्टांबद्दल काहीतरी भयंकर ऐकलंय.

---

पाना_पकड (५ नोव्हेंबर, रात्री १:०५)

जे ऐकलंय ते खरं आहे, उलट कमीच ऐकलंय.

इंग्लिश गाडी, म्हणून मी व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचे, पाने मागवले. पाने बसले. बोल्ट निघाला. आटे बघतो तर मेट्रिक! डोकं इंग्लिश, आटे फ्रेंच. याचं मूळ असं, की एमजी ज्याची, त्या मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. ती बदलण्याचा खर्च नको, आणि इंग्लंडभरच्या गॅरेजांत पाने मात्र व्हिटवर्थचे. म्हणून आटे यंत्राला सोयीचे, डोकी मेकॅनिकला सोयीची. आपण दुकानातून १३ चा पाना आणला तर डोक्यावर चढत नाही, १४ चा घसरून कोपरे गोल करतो.

वर आणखी एक खोच. आठ मिलिमीटरचे आटे, पण बारीक, एक मिलिमीटर अंतराचे. आज दुकानात सहज मिळणारा आठचा बोल्ट सव्वा मिलिमीटरचा असतो. तो पहिले दोन फेरे गोडीत आत जातो आणि मग अडतो. इथे शहाणा माणूस थांबतो. माझ्या आधीच्या कुणीतरी शहाण्याने लांब दांडा लावून तो पुढे रेटलाय. इंजिनाच्या बाजूला एका जागी अशी तीन भोकं आहेत. त्यांत नवे आटे बसवण्यात माझे दोन शनिवार गेले.

आजींच्या यजमानांचं हे काम असेल असं वाटलं होतं. पण शेडमध्ये त्यांचा पत्र्याचा डबा सापडला. आत प्रत्येक बोल्टला दोऱ्याने बांधलेली कागदाची चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: कुठला, किती आट्यांचा. असला माणूस बोल्ट रेटणार नाही.

त्याच शेडमध्ये आणखी काय सापडलं ऐका. पाण्याची हिरवी नळी गुंडाळून ठेवायला भिंतीवर एक वाकडी लोखंडी पट्टी ठोकली होती. रोज बघत होतो. काल नळी उचलली आणि लख्ख उजेड पडला. पुढचा बंपर!

---

नटबोल्ट_बर्मिंगहॅम (५ नोव्हेंबर, सकाळी ९:१२)

उठून उभा राहून टाळ्या वाजवल्या, ऑफिसातले बघायला लागले.

मागचाही असेल. माळा बघा, परसातलं कुंपण बघा, कोंबड्यांचं खुराडं बघा.

---

उगाच_शंका (५ नोव्हेंबर, दुपारी १२:००)

आता तरी फोटो.

---

पाना_पकड (१८ जानेवारी, रात्री १०:२०)

बरेच दिवस गायब होतो, कारण बातमी चांगली नव्हती.

मागचा बंपर काही सापडला नाही. आजींच्या आठवणीप्रमाणे तो एका मालकाने भंगारात दिला. सात इंची हेडलाइटपैकी एकाची वाटी मिळाली, तिच्यात खिळे भरून ठेवले होते. दुसरी त्याच जातीची जुन्या सामानाच्या बाजारातून घेतली.

पुढचा बंपर मी क्रोम करायला एका दुकानात दिला, सोबत त्याच्या दोन मूळ पकडी. सहा आठवड्यांनी बंपर आला आरशासारखा, पकडी मात्र हरवल्या. दुकानदार म्हणाला, लोखंडाच्या वाकड्या पट्ट्या होत्या, दुसऱ्या कशाही चालतील. कशाही चालत नाहीत हो. बंपर बोटभर वर गेला तरी रेडिएटरसमोर तो दात पुढे आल्यासारखा दिसतो. दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. भांडून पैसे परत मिळाले, पकडी नाहीत.

शेवटी एका दूरच्या ईएक्सयूवाल्याने स्वतःच्या पकडीभोवती पेन्सिल फिरवून पुठ्ठ्याचा आकार पोस्टाने पाठवला. मागच्या बंपरसाठीही मापं दिली. अण्णांनी आधी त्या पकडी लाकडात करून बसवून बघितल्या, दोनदा तासल्या, मग तशाच लोखंडात करून घेतल्या. मागचा बंपर नवा घडवलाय. तो मूळचा नाही, आणि त्याच्या आतल्या अंगावर मी तसं कोरून ठेवलंय, वर्षासकट. पुढे कधी कोणी टूथब्रश घेऊन बसला तर फसू नये.

वायरिंगचं जाळं कापडी वेटोळ्याचं नवं आणलं. बॅटरीचं धन टोक अंगाला जोडायचं, ही मूळची उलटी रीत तशीच ठेवली. मेकॅनिक लोक इथेच हमखास चुकतात, म्हणून बॅटरीच्या झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘अधिक अंगाला!’ इथल्या मेकॅनिकला ते वाचता येणार नाही, निदान थबकेल तरी.

---

घाटमाथा (१९ जानेवारी, सकाळी ६:४०)

आतून वर्ष कोरलंत हे फार आवडलं. आमच्या कमिटीला हा धागा वाचायला देतो.

सभामंडपाचं काय ठरलं?

---

कोथरूडची_बुलेट (१९ जानेवारी, सकाळी ११:२५)

मंडप ठेवा हो. सुरक्षितता नावाची काही चीज असते. जुनं स्टिअरिंग बसवून तिसऱ्यांदा शेतात जायचंय का?

अवांतर: गाडी कधी इकडे आणायचा विचार झालाच तर २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, वीस हजार रुपये फी, दहा वर्षं चालते. रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेसाठीच.

---

नटबोल्ट_बर्मिंगहॅम (१९ जानेवारी, दुपारी २:०८)

मी उलट बाजूने. नीट बांधलेला, झीज काढलेला बिशप कॅम लोक समजतात तितका वाईट नसतो. बदनामी जी आहे ती पन्नास वर्षं तेल न घातलेल्या बॉक्सची आहे. बंपरसाठी एवढा जीव टाकलात आणि आत बीटल ठेवणार?

---

पाना_पकड (२० जानेवारी, रात्री ११:३०)

दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

शेवटी आजींकडेच गेलो. सरळ विचारलं, तुमच्या यजमानांनी बसवलेला बॉक्स काढू का? त्यांनी उत्तर द्यायच्या आधी मला तळघरात नेलं. फडताळात वरच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जड गोळा, सुतळीने बांधलेला, चिठ्ठीसकट: ‘मूळ स्टिअरिंग बॉक्स. फेकू नये.’

त्या म्हणाल्या, "त्याने तो का ठेवला असेल?"

तेव्हा ठरलं. बिशप कॅम उघडला, झीज काढली, नवं वंगण भरलं, गाडीत गेला. बीटलचा बॉक्स साफ करून, तेल लावून, तशाच वर्तमानपत्रात (आजच्या) गुंडाळून, चिठ्ठी बांधून माझ्या फडताळात. बसवायला-काढायला एक दिवसाचं काम आहे, चासीला एकही नवं भोक पडलेलं नाही.

@कोथरूडची_बुलेट, तुमचा राग समजतो. ताशी चाळीस मैलांच्या वर नेणार नाही, शब्द देतो.

---

ठाण्याची_मावशी (२१ जानेवारी, सकाळी ९:००)

बायको काय म्हणते?

---

पाना_पकड (२१ जानेवारी, सकाळी ९:२०)

मावशी, ती हा धागा वाचते, सावध उत्तर देतो: खूप पाठिंबा आहे.

---

पाना_पकड (११ मे, रात्री ९:४५)

मंडळी, झाली.

पूर्ण झाली असं म्हणवत नाही. छपराचं कापड अजून शिवून यायचंय, बाजूचे पडदेही नाहीत, पाऊस आला तर भिजणार. पण हिरवी झाली, पुढे-मागे बंपर आहेत, लहान डोळे आहेत, आणि वळायचे दिवे लुकलुकतात, चारपैकी तीन. चौथ्याचा अर्थिंगचा लोचा आहे, शोधतोय.

अण्णा मार्चअखेर परत गेले. जाताना गुण्या शेजाऱ्याला परत न करता माझ्या भिंतीवर लावून गेले. शेजाऱ्याला मी नवा घेऊन दिला.

पहिली फेरी आजींना न्यायची हे ठरलेलंच होतं. दाराची बिजागरं मागे आहेत हे मी विसरलो होतो, त्या विसरल्या नव्हत्या. बरोबर पाठ करून आत बसल्या, डाव्या सीटवर. थोडा वेळ बंपरकडे बघत होत्या. म्हणाल्या, "हा असताना आम्ही गाडी घेतली नव्हती. कुरूप आहे." मग जरा थांबून, "पण गाडी आता लांब वाटते, नाही?"

गल्लीतून बाहेर पडलो. बिशप कॅम डुलतो, खोटं कशाला सांगू, पण ओवी नाही, अभंगाच्या चालीवर आला आहे. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मी दुसरा, तिसरा गिअर टाकला. डोळे फेऱ्यांच्या घड्याळावर, वेग किती ते कळत नाही. तेवढ्यात शेजारून, वाऱ्यात, अगदी सवयीच्या सुरात आवाज आला:

"अठ्ठावीस... बत्तीस... पस्तीस. बस. इथून पुढे तो नेहमी माझं ऐकायचा नाही."

---

उगाच_शंका (११ मे, रात्री ९:५८)

फोटो राहू दे आता. चौथ्या दिव्याचं अर्थिंग मागच्या नव्या बंपरच्या पकडीपाशी बघ, रंगाखाली लोखंड उघडं नसेल.

---

पाना_पकड (१२ मे, सकाळी ७:१५)

तिथेच होतं. खरवडलं, लागला.